डावा कान आणि दोन हिरे

बारावीच्या पोरांना मी तेहेतीस वर्षं हिरा शिकवला. प्रकाशाचा धडा आला की फळ्यावर पैलू पाडलेल्या हिऱ्याची आकृती काढायची, बाण दाखवायचे, क्रांतिक कोन चोवीस अंशांच्या आसपास आहे हे दोनदा लिहून घ्यायला लावायचं. आत शिरलेला उजेड लवकर सुटत नाही, आतल्या भिंतींवर आपटत राहतो आणि वरून बाहेर पडताना लखलखतो, असं मी मोठ्या रंगात येऊन सांगायचो. सिरसाळ्याच्या आसपासच्या वाड्या-तांड्यांवरून सायकलीवर, टमटममध्ये येणारी पोरं ती. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, तुमी पायलाय का खरा हिरा?"

"न्हाई," मी म्हटलं. वर्ग हसला. मीही हसलो आणि पुढचं गणित घातलं.

आमच्या घरात हिरा येण्याचं काही कारणच नव्हतं. वडील दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जायचे, आईच्या हातात चांदीच्या पाटल्या तेवढ्या. माझं लग्न गावच्या विहारात झालं. नवरी पांढऱ्या साडीत होती आणि तिच्या कानात सोन्याचे छोटे झुमके होते. तिच्या आईनं घातलेला तेवढाच दागिना. लग्नानंतर वर्षभरात तिला नर्सची नोकरी लागली. उपकेंद्रावर लसीकरण, बाळंतपणं, घरोघरच्या भेटी. परिसरात तिला सगळे नर्सबाई म्हणायचे आणि मला नर्सबाईचे मालक.

त्या झुमक्यांचं काय झालं ते सांगतो. आमची मुलगी दोन-अडीच वर्षांची असेल तेव्हाची गोष्ट. लसीकरणाचा दिवस होता. एक दांडगं लेकरू हिच्या मांडीवर धरलेलं. सुई टोचली तसा त्यानं हात फिरवला, बोटं झुमक्यात अडकली आणि कानाची पाळी खालपर्यंत फाटली. हिनं कापसाचा बोळा दाबला, रांगेतली राहिलेली लेकरं पूर्ण केली आणि मग अंबाजोगाईला जाऊन टाके घालून घेतले. मी तेव्हा पेपर तपासायला बाहेरगावी होतो. परत आलो तर बायकोच्या डोक्याला फडकं बांधलेलं.

"काय झालं गं?"

"काय न्हाई. लेकरू होतं."

एवढंच. कान भरून आला, भोक बुजलं, पाळीवर पांढरी बारीक रेघ राहिली. एका कानात काय घालायचं, म्हणून तिनं दुसऱ्यातही काही घातलं नाही, तेही भोक पुढं बुजलं. झुमके मोडून पुढं मुलीची साखळी केली. हळूहळू मोकळे कान हाच तिचा चेहरा झाला आणि मला त्यात काही कमी आहे असं कधी वाटलं नाही.

फक्त एकदा, उमापूरच्या एका लग्नात, नवरीच्या मावशीच्या कानात हिऱ्याच्या कुड्या होत्या. ही जेवताना सारखी तिकडं बघत होती. येताना जीपमध्ये म्हणाली, "दिव्यावानी न्हाई चमकत ते. पाणी हालल्यावानी चमकतंय." मी तिला लगेच क्रांतिक कोन समजावून सांगू लागलो. तिला झोप लागली.

गेल्या वर्षी ती निवृत्त झाली. निरोपाला शाल दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं. भाषणं झाली. मी मागं बसून ऐकत होतो आणि मला उमापूरची ती जीप आठवली. घरी आल्यावर पुण्याला मुलीला फोन केला. म्हटलं, तुझ्या आईला हिऱ्याच्या कुड्या घ्याव्यात म्हणतो. ती म्हणाली, "बाबा, आधी आईला विचारा." मी म्हटलं, विचारलं तर ती नाही म्हणणार. आणि कुणाला न सांगता दुसऱ्या दिवशी अंबाजोगाईची एसटी धरली.

बाजारातलं एक दुकान मी बाहेरून बघून ठेवलं होतं. आत गेलो. काउंटरवर तिशीतली एक मुलगी होती. बोलायला साधी, पण कामात पक्की. तिनं काळ्या मखमलीवर पाच-सहा जोड मांडले. माझ्या आयुष्यात जवळून पाहिलेले पहिले खरे हिरे. खरं सांगतो, अंगावर काटा आला. आणि मग मला राहवेना. मी तिला अपवर्तनांक सांगितला.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "बरोबर आहे सर. पण तो सगळ्याच हिऱ्यांचा सारखा असतो ना? मग हा एक एवढा जिवंत आणि हा शेजारचा झोपलेला का दिसतोय?"

मी बघितलं. खरंच, दुसरा मोठा होता, पण मंद होता.

"घडाई," ती म्हणाली. "पैलू कुठल्या कोनात पाडलेत त्यावर सगळं. लोक आल्या आल्या वजन विचारतात. वजनासाठी खाली पोट ठेवून दिलं की मागून उजेड गळून जातो. आधी घडाई बघायची, मग रंग, मग आतले डाग, आणि वजन सगळ्यात शेवटी."

मी तेहेतीस वर्षं काढलेली आकृती मनातल्या मनात पुन्हा काढली. उजेड गळणारा हिरा मी कधी काढलाच नव्हता. माझ्या फळ्यावरचे सगळे हिरे उत्तम घडाईचे होते.

तरी मी त्यातला सगळ्यात भरघोस जोड उचलला. मध्ये एक आणि भोवती सात, फुलासारखा.

"मॅडम रोज घालणार का लग्नकार्याला?" तिनं विचारलं.

"रोज."

"कान कसे आहेत? भोकं ओघळलीत का? ह्या जड आहेत, म्हणून विचारते."

"भोकं नाहीतच," मी म्हटलं. "म्हणजे बुजलीत. एक कान फाटला होता मागं."

"कुठला?"

मी उजवा म्हणालो. मग डावा म्हणालो. तिनं जोड उचलून परत डबीत ठेवला, अगदी सावकाश, आणि म्हणाली, "सर, तुम्ही बघून या. मॅडमनाच घेऊन या. हिरे कुठं पळत नाहीत."

एसटीत खिडकीशी बसून मी डोळे मिटले आणि तिचा चेहरा समोर आणायचा प्रयत्न केला. चष्मा आला, कपाळ आलं, हसताना दिसणारा वाकडा दात आला. कान काही येईना.

संध्याकाळी जेवताना मी तिच्याकडं बघत होतो. ती वाढायला वाकली की एक कान दिसायचा, भाकरीकडं वळली की दुसरा.

"काय बघायलाव मघापासून?"

"काही नाही."

"तोंडाला काय लागलंय का माझ्या?"

डावा होता. ती पांढरी रेघ अगदी स्पष्ट होती, आणि इतकी वर्षं मी रोज त्या बाजूला झोपत होतो. मग सगळं सांगून टाकलं. दुकान, मखमल, फुलासारखा जोड आणि उजवा-डावा.

आधी ती चिडली. "हिरं? आन् मला? कावून? निवृत्त झालेल्या बाईनं हिरं घालून कुटं मिरवायचं?" मग ताट पुसल्यासारखं बोट फिरवत राहिली. "उजवा म्हणलाव व्हय तुमी?" आणि जे हसायला लागली ते ठसका लागेपर्यंत. मीच उठून पाणी दिलं.

"जाऊत," ती म्हणाली. "बघायला काय जातंय."

दुसऱ्या खेपेला गाडी वेगळ्याच रुळावर गेली. मी मागं आणि ही पुढं. खुर्चीत बसल्या बसल्या हिनं त्या मुलीला पहिल्यांदा जेवलीस का विचारलं आणि मग वरच्या दिव्यांकडं बोट केलं.

"हे सगळं लाइट बंद करता येतंय का गं?"

"का काकू?"

"ह्या उजेडात माझी बांगडी बी चमकायलीय. आन् ती काचंची हाय."

मुलगी मोकळं हसली. दिवे बंद करता येणार नाहीत, पण दारापाशी चला, म्हणाली. तिनं सुटे हिरे काढले, कागदाच्या छोट्या पुड्यांत ठेवलेले, कोंदणात न बसवलेले. दाराच्या काचेपाशी, सावलीतल्या उजेडात, ट्रे धरून आम्ही तिघं उभे राहिलो. दारावरचा पहारेकरी आमच्या मागं उभा. त्या साध्या उजेडात निम्मे हिरे विझल्यासारखे झाले. पण दोन-तीन जोड तसेच हलत होते, आतून. उमापूरचं ते पाणी मला पहिल्यांदा दिसलं.

मग मुलीनं पांढऱ्या कागदाची घडी केली आणि त्यात हिरे उलटे, टोक वर करून ठेवले. वरून सारखे दिसणारे हिरे तसे ठेवल्यावर एक किंचित पिवळसर निघाला. "सोन्यात बसवायचा असेल तर एवढं पिवळं चालतं," ती म्हणाली, "सोन्याचा रंग ते झाकतो. उगीच जास्त पैसे घालू नका." मला तिच्या ह्या वाक्यानं धीर आला. विकणारा माणूस तुमचे पैसे वाचवतो तेव्हा त्याचं बाकीचंही ऐकावं.

शेवटी दोन जोड राहिले. दिसायला एकसारखे, किमतीत मात्र मोठा फरक. मी कारण विचारलं.

"हा खाणीतला, आणि हा लॅबमध्ये तयार केलेला. दोन्ही हिरेच. सांगितल्याशिवाय विकत नाही आम्ही. ह्याच्या कागदावर तसं लिहिलेलंही असतं."

"म्हणजे नकली," मी म्हटलं.

"नाही सर. तुम्हाला तर माहितीय. कार्बनच."

मला माहीत होतंच. कार्बन तोच, रचना तीच, अपवर्तनांक तोच. पोरांनी विचारलं असतं तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं. पण बायकोसाठी घ्यायची वेळ आली तेव्हा मन म्हणत होतं, खरा घ्यावा, जमिनीतून आलेला. मी तसं म्हणालोही.

हिनं मुलीकडं वळून विचारलं, "दिसण्यात फरक हाय का काही?"

"डोळ्यांना नाही. मशीनवर कळतो."

"टिकण्यात?"

"नाही."

"मंग फरक कशात हाय?"

"एक जमिनीत तयार व्हायला कोट्यवधी वर्षं लागली. एक यंत्रात काही आठवड्यांत झाला. आणि काकू, खरं सांगते, लॅबचा पुढं विकायला गेलात तर फार काही येत नाही."

"इकायचाय कुणाला?" ही म्हणाली. मग माझ्याकडं बघून, अगदी उपकेंद्रावरच्या आवाजात, "आवो, मी दोन्ही पायलंय. घरी झालेलं लेकरू आन् दवाखान्यात झालेलं लेकरू. रडतंय सारखंच. तुमी मला सांगा, कुटं फरक हाय?"

पहारेकरी खोटंखोटं खोकला. लॅबचा जोड ठरला.

पण तिचं एवढ्यावर संपलं नव्हतं. तिनं प्रमाणपत्र मागितलं, चष्मा वर सरकवला आणि त्यावरचा नंबर वाचला. हिऱ्याच्या कडेला तोच नंबर कोरलेला असतो, असं मुलगी म्हणाली. "दाखव," ही म्हणाली. मुलीनं हिरा चिमट्यात धरला आणि भिंग दिलं. जन्मभर लसीच्या बाटलीवरचा बॅच नंबर आणि मुदत वाचल्याशिवाय सुई न भरलेली बाई ती. एक डोळा मिटून तिनं एकेक आकडा मोठ्यानं वाचला आणि मी कागदावर बोट ठेवून ताडून बघितला. दोन्ही हिऱ्यांचे जुळले.

कोंदणावरून आमचं दोघांचं थोडं वाजलं. मला बारीक चार काट्यांत धरलेला हिरा आवडला होता, कारण बाजूनंही उजेड आत जातो. हिला चारी बाजूंनी सोन्याची कड हवी होती.

"काटं पदरात अडकत्यात. टॉवेलात अडकत्यात. लेकरं हात घालत्यात."

"अगं, पण उजेड कमी होतो त्यानं."

"होऊ द्या की. मला काय कानानं वाचायचंय?"

मुलीनं कड पातळ आणि बुटकी करून देते म्हणून दोघांची समजूत काढली. मागं दाबायचा नव्हे, आट्यांचा फिरकीचा पेच, म्हणजे आपोआप सुटत नाही. वजन हलकं. पंधरा दिवसांनी कुड्या तयार झाल्या.

आता कान. दुकानातल्या मुलीनंच सांगितलं होतं, जुन्या व्रणावर भोक पाडू नका, डॉक्टरांना विचारा. अंबाजोगाईतल्या एका डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी पाळी दोन बोटांत धरून बघितली, रेघेच्या थोडं वर आणि बाजूला शाईचा ठिपका दिला. दुसऱ्या कानाला त्याच्याच बरोबरीनं. आरसा दाखवला. आणि सुई हातात घेतली, तशी ही खुर्चीतून अर्धी उठली.

"थांबा, थांबा जरा."

"सिस्टर, तुम्ही?" डॉक्टरीणबाई हसल्या. "तुम्ही घाबरता?"

हिनं माझा अंगठा पकडला. सगळ्या पंचक्रोशीतल्या पोराबाळांना सुया टोचलेला हात तो. मला काय सुचावं, मी तिचंच वाक्य तिला ऐकवलं, जे ती प्रत्येक लेकराला सांगायची. "मुंगी चावल्यावानी होतंय, बास."

तेवढ्यात झालंसुद्धा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरा कान झाल्यावर तिनं अंगठा सोडला आणि म्हणाली, "खोटं हाय ते. मुंगी न्हाई. लई खोटं बोलले मी लेकरांशी."

कान पक्के व्हायला दोनेक महिने तरी सोन्याची बारीक तार ठेवायची होती. कुड्या कपाटात, डबीत. ती सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्यानं कान पुसायची आणि मी दिवसातून एकदा तरी डबी उघडायचो. खिडकीशी न्यायची, थोडी हलवायची, परत ठेवायची. एकदा तिनं पकडलं. "घाला की तुमीच," म्हणाली.

मी मनात ठरवलं होतं की पहिल्यांदा घालायचा दिवस काहीतरी विशेष असावा. मुलगी पुण्याहून यावी, फोटो काढावा. तसं काही झालं नाही. एका मंगळवारी सकाळी मी पेपर वाचत होतो आणि ही समोर मेथी निवडत बसली होती. बोलणं चाललं होतं, नळाला पाणी कधी येणार वगैरे.

"अर्धा तास झाला," ती मध्येच म्हणाली.

"कशाला?"

तिनं नुसतं तोंड वर केलं. कुड्या कानात होत्या. लहानशा, सोन्याच्या पातळ कडेत. मी पेपर खाली ठेवला. ते तिसरंच काही दिसत होतं. दुकानातलेही हिरे नव्हते ते, आणि माझ्या डबीतलेही नव्हते. ती बोलायची तसे हलत होते, मेथीची काडी मोडायला मान वळवली की एकदा निळे, एकदा तांबूस. डाव्या पाळीवरची रेघ बाजूलाच होती, झाकली गेली नव्हती. मला काहीतरी चांगलं म्हणायचं होतं.

"दिसतायत," मी म्हटलं.

"हाव. दिसायसाठीच असत्यात," ती म्हणाली आणि पुढची जुडी सोडली.

त्या दिवसापासून धुण्यापुरत्या सोडल्या तर तिनं त्या काढल्या नाहीत. भाजीला जाताना त्याच, पौर्णिमेला विहारात जाताना त्याच. पण लोकांना ती हिरे म्हणून सांगत नाही, हे मला पुढं कळलं. माळावर मेंढरं घेऊन येणारं एक धनगराचं घर आहे. त्या घरच्या बाईची तिन्ही बाळंतपणं हिनं केली. ती बाई फिरून आली की आमच्याकडं डोकावतेच, कधी दुधाचा तांब्या घेऊन. त्या दिवशी ओसरीवर बसली आणि तिची नजर गेली.

"बाई, कानात काय गं घातलंव? लई चमकायलंय."

"खडं हायत," ही म्हणाली. आणि थोरल्या पोराची शाळा सुटली का, धाकटीला खोकला अजून आहे का, असं विचारत बसली. तासभर बोलणं झालं. धाकटीला दवाखान्यात कधी आणायचं ते ठरलं.

ती गेल्यावर मला राहवेना. थोडा रागच आला होता. एवढ्या खेपा घातल्या, नंबर ताडून बघितले, आणि खडं हायत?

"हिरे आहेत म्हणून सांगायला काय झालं तुला? चोरीचे आहेत का?"

तिनं तांब्या धुऊन पालथा घातला. "तसं न्हाई. हिरं म्हणलं की बाया माझ्याशी बोलायच्या थांबत्यात आन् कानाशी बोलाय लागत्यात. तिच्या पोरीचा खोकला राहिला असता मंग." मग पदराला हात पुसत म्हणाली, "तुमाला म्हायती हाय नव्हं ते काय हायत? मंग झालं."

माझा राग तिथंच संपला.

आता दर रविवारी कुड्या धुवायचं काम माझ्याकडं आहे. तेलकटपणा बसला की हिरा मंद होतो, हे दुकानातल्या मुलीनं बजावलं होतं. वाटीत कोमट पाणी, साबणाचा थोडा फेस, जुना मऊ ब्रश. नळाखाली थेट धरायचं नाही, चहाच्या गाळणीत ठेवूनच धुवायचं, म्हणजे हातातून सुटलं तरी मोरीत जात नाही. ही युक्ती तिची. मी धुतो तेवढा वेळ ती शेजारी मोकळ्या कानांनी उभी असते आणि फिरकी नीट पुसा, मागं साबण राहतोय, म्हणून सूचना देते. मग मीच घालून देतो. आधी डावा, मग उजवा.